प्राणिप्लवक म्हणजे 'सूक्ष्म तरंगते प्राणी' का?

प्रश्न असा आलाय, की आर्क्टिक समुद्रावरच्या एका लेखाचं मराठी करताना झूप्लांक्टनला (म्हणजे पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या प्राण्यांना) 'सूक्ष्म तरंगते प्राणी' म्हटलं तर चालेल का, की 'प्राणीप्लवक'च लिहावं लागेल. आणि 'खोल पाण्यात झूप्लांक्टनची विविधता वाढते' हे वाक्य सोपं करून 'खोल पाण्यात झूप्लांक्टन वाढतं' असं केलं तर काय बिघडतं.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे अर्थ पार उलटा होतोय. विविधता वेगळी आणि विपुलता वेगळी. उन्हाळ्यात आर्क्टिकच्या वरच्या शे-पन्नास मीटर पाण्यात हे जीव नुसते बुजबुजलेले असतात, पण प्रकार बघायला गेलं तर मोजकेच, म्हणजे कॅलॅनस नावाचे कोपेपॉड (कोळंबीच्या लांबच्या नात्यातले बारके कवचधारी जीव) आणि त्यांच्यासारखे अजून थोडे. खाली काही शे मीटर उतरलं की जाळ्यात येणारे जीव कमी कमी होत जातात आणि प्रकार मात्र वाढतात. वर एकाच तांदळाची शंभर पोती, खाली पसाभरच धान्य पण वाण पंचवीस, असं काहीसं. वर बर्फ येतो-जातो, सहा महिने उजेड सहा महिने अंधार, हे झेपणारे थोडेच. खाली वर्षभर सगळं एकसारखं. त्यात गंमत अशी की वरचं पाणी उणे १.८ अंशापर्यंत गार आणि त्याच्या खाली, साधारण २०० ते ९०० मीटरच्या पट्ट्यात, अटलांटिकमधून आलेलं पाणी शून्याच्या वर! जास्त खारट म्हणून जड, म्हणून खाली, आणि येताना आपल्याकडचे जीवही घेऊन येतं. त्यामुळे मी तरी सरळ असं लिहीन: 'खोल जावं तसे प्राणिप्लवक विरळ होतात, पण त्यांचे प्रकार वाढतात.'

आता 'सूक्ष्म'. प्लांक्टन हा शब्द १८८७ मधे व्हिक्टर हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने आणला, ग्रीकमधल्या 'भटक्या' अर्थाच्या शब्दावरून. मुद्दा आकाराचा नाहीच, प्रवाहापुढे ज्याचं काही चालत नाही तो प्लांक्टन. लायन्स मेन जेलीफिशची छत्री दोन मीटरपर्यंत होते, तरी ती प्राणिप्लवकच. तिला सूक्ष्म कोण म्हणेल?

'तरंगते' पण मला पटत नाही, आपण तरंगतं म्हणतो ते पृष्ठभागावर, पानासारखं. प्लवकमधला 'प्लु' धातू बघा, त्यात तरंगणं आहे, पोहणं आहे आणि उडी मारणंही आहे, म्हणून तर प्लवग म्हणजे बेडूक आणि माकडसुद्धा. (२०२१ च्या पाडव्याला लागलेला प्लव संवत्सर त्याच घरातला.) आणि कोपेपॉड खरंच टुणटुण उड्या मारत जातात, त्यामुळे हा शब्द ज्याने कुणी काढला त्याला नमस्कार. कोपेपॉडला मराठीत अरित्रपाद म्हणतात, अरित्र म्हणजे वल्हं, अर्थ चपखल आहे पण वाचणारा अडखळेल, मी कोपेपॉडच ठेवेन.

कॅलॅनस हायपरबोरियसचंच घ्या. तांदळाच्या दाण्याएवढा, आरपार दिसणारा जीव, पोटात तेलाची लांबट पिशवी. उन्हाळ्यात वर येऊन खाऊन खाऊन ती भरायची आणि हिवाळ्यात शेकडो मीटर खाली जाऊन पडून राहायचं. तिथेच, काही न खाता, त्या तेलावर मादी अंडी घालते आणि अंडी तेलकट असल्यामुळे आपोआप वर येतात. याला 'तरंगता प्राणी' म्हटलं तर अर्धी गोष्ट गेली की. या ऋतूनुसार जाण्याला स्थलांतर म्हणा हवं तर, पण रोज रात्री वर-दिवसा खाली होतं त्याला स्थलांतर फार मोठा शब्द होतो, 'रोजची चढउतार' बरं. ध्रुवीय रात्रीत सूर्यच नसतो तेव्हा ही चढउतार चंद्राच्या तालावर चालते, पौर्णिमेच्या आसपास ही मंडळी पन्नासेक मीटर खाली सरकतात.

आणि हो, प्राणिप्लवक, णि ऱ्हस्व. प्राणिसंग्रहालय, प्राणिशास्त्र लिहितो तसंच.

जाता जाता, अंटार्क्टिकवर लिहायला घेतलंत तर क्रिलला (तिथलं कोळंबीसारखं दिसणारं प्राणिप्लवक) कोळंबी करू नका, आणि 'झिंगा' तर नकोच. क्रिल हा नॉर्वेजियन शब्द, अर्थ माशांची बारकी पिल्लं. समजवायचंच असेल तर 'जवळ्यासारखा' म्हणा. नातं लांबचं, कुळ वेगळं, पण सुका जवळा निवडताना ते काळे डोळे टिपक्यांसारखे दिसतात ना, क्रिलचेही तसेच ठळक असतात, आणि शेवाळ खाल्लेलं असलं की पारदर्शक अंगातून हिरवं दिसतं. फक्त तो सहा सेंटीमीटरपर्यंत वाढतो. जवळ्याला तेवढं कुठलं जमायला.