सासूबाईंच्या पेटीतली नॉर्वेजियन पत्रं: आधी काय करावं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अमेरिकेत मिनेसोटातल्या सासूबाई गेल्या. त्यांच्या तळघरात लाकडी पेटी निघाली. त्यात शंभरेक जुनी पत्रं, एक बायबल आणि फोटो आहेत. घरात कुणालाच नॉर्वेजियन येत नाही, आणि तिन्ही भावंडं सगळं वाटून घ्यायच्या बेतात आहेत. फोनवरच्या अ‍ॅपने भाषांतर करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

भाषांतराचं नंतर बघू, आधी वाटणी थांबवा. मी विस्कॉन्सिनमध्ये राहते आणि गेली १४ वर्षं इथल्या नॉर्वेजियन घरांतले कागद वाचते. सुरुवात शेजारच्या आजींच्या पत्रांपासून झाली. ती पत्रं त्यांच्या चार भावंडांनी आधीच वाटून घेतली होती. एका पत्राचं पहिलं पान आजींकडे होतं आणि दुसरं धाकट्या भावाकडे. त्या भावाच्या तळघरात पाणी शिरलं. पहिलं पान 'आईबद्दल आता लिहितो' इथे संपतं, आणि आईचं काय झालं ते आजींना शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या आजोळी मोडीतली दप्तरं कुणाला वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत गेली, तेव्हा मी लहान होते. म्हणून कळकळीने सांगते, स्कॅन करून प्रत्येकाला प्रत द्या, पण मूळ कागद एकत्र राहू द्या. पत्रं ज्या क्रमाने बांधलेली सापडली त्या क्रमाने पेन्सिलीने बारीक आकडे घाला. पाकीट पत्रापासून वेगळं करू नका, कारण पोस्टाचा शिक्का गाव सांगतो. फोटोंची मागची बाजूही स्कॅन करा, बहुतेकदा स्टुडिओचं आणि गावाचं नाव तिथेच छापलेलं असतं. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी अजिबात लावू नका.

आता एक गोष्ट, जी मला कळायला दोन वर्षं लागली. तुमच्या पेटीतली पत्रं बहुतेक नॉर्वेहून आलेली असतील. इकडच्या माणसाने जे लिहिलं, म्हणजे जमीन कशी मिळाली, कोण दगावलं, घरची आठवण किती येते, ते सगळं पोस्टाने नॉर्वेला गेलं. तिकडे त्यांना 'अमेरिकाब्रेव्ह' म्हणजे अमेरिकापत्रं म्हणतात. म्हणजे तुमच्या हातात अर्धंच संभाषण आहे. उरलेलं अर्धं त्या शेतावरच्या एखाद्या कपाटात असू शकतं. त्यामुळे खरा शोध शेताचा आहे.

त्यासाठी नावं समजून घ्यावी लागतात. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, तिकडे तेच शेवटी यायचं. ओलेचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सदात्तर, आणि पुढे शेताचं नाव. हे शेताचं नाव आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखं वाटतं, पण आपला सावंतवाडीकर पुण्यात आला तरी सावंतवाडीकरच राहतो. नॉर्वेजियन माणूस शेत बदललं की नाव बदलायचा. बायकोच्या शेतावर राहायला गेला तर तिच्या शेताचं नाव लावायचा. कायम आडनाव लावण्याचा कायदा तिथे १९२३ साली आला. त्यामुळे दोन सख्खे भाऊ अमेरिकेत वेगवेगळ्या नावांनी सापडले तर गोंधळू नका. आणि एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्कला उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, अधिकाऱ्याने नाव बदललं, ही घरोघरी सांगतात ती गोष्ट सोडून द्या. ते केंद्रच १८९२ साली उघडलं, तोवर बरेच नॉर्वेजियन येऊन गेले होते. नावं लोकांनी स्वतःच सोपी करून घेतली.

शेताच्या नावाबरोबर पॅरिशचं नाव, म्हणजे चर्चचा हद्दभागही हवाच. 'हाउगेन' नावाची शेतं नॉर्वेभर विखुरलेली आहेत. म्हणून बायबलाच्या सुरुवातीची कोरी पानं नीट बघा. जन्म, लग्न, मृत्यू तिथे लिहायची पद्धत होती. घडी घातलेला एखादा पाद्र्याचा दाखलाही शोधा. गाव सोडताना तो मिळायचा, आणि त्यात जन्मतारीख, बाप्तिस्मा, कन्फर्मेशन, कधीकधी देवीची लस टोचल्याची नोंदही असते. तो सापडला तर अर्धं काम झालं समजा.

पॅरिश कळलं की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'डिगिटालआर्किवेट' उघडा. चर्चची पुस्तकं आणि १८६५, १९००, १९१० च्या जनगणना तिथे फुकट बघता येतात. ट्रॉनहाइम (१८६७ पासून), ऑस्लो (१८७१ पासून) आणि बर्गन (१८७४ पासून) या बंदरांतल्या पोलिसांनी देश सोडणाऱ्यांच्या ज्या याद्या ठेवल्या, त्याही आहेत. त्यानंतर त्या भागाचं 'बिग्देबोक', म्हणजे स्थानिक इतिहासाचं पुस्तक मिळवा. यात शेतावार पिढ्या दिलेल्या असतात, शेत कुणाकडून कुणाकडे गेलं तेही. 'ओडेल' म्हणजे शेतावरच्या घराण्याच्या वारसाहक्कामुळे शेत घराण्यातच राहण्याकडे कल असतो, म्हणून आज तिथे राहणारे बऱ्याचदा तुमच्या नवऱ्याचे लांबचे भाऊबंदच निघतात.

जहाज शोधत असाल तर फक्त न्यूयॉर्कच्या याद्यांत अडकू नका. १८५० नंतरची काही दशकं बहुतेक नॉर्वेजियन क्युबेकला उतरले. जहाजं परतताना कॅनडाचं लाकूड भरून न्यायची, म्हणून भाडं स्वस्त पडायचं. सरकारी जमीन कसून मालकीची करून घेतली असेल, म्हणजे 'होमस्टेड' असेल, तर त्याची फाइल वॉशिंग्टनहून मागवा. घर किती फुटांचं, किती एकर नांगरली, साक्षीदार शेजारी कोण, सगळं त्यात मिळतं. अशा एका फाइलमध्ये मला १४ बाय १६ फुटांचं घर सापडलं होतं, आत आठ माणसं.

अ‍ॅपबद्दल: जुनं हस्ताक्षर गॉथिक, म्हणजे आजच्या रोमन अक्षरांहून वेगळ्या वळणाचं असतं आणि त्या काळची लिखित भाषा डॅनिशच्या जवळची, त्यात बोलीची मिसळ. यंत्र ठोकून काहीतरी वाक्य देतं, आणि ते बरोबर दिसतं हाच धोका आहे. आधी माणसाकडून अक्षरं लावून घ्या, मग हवं तर यंत्राला द्या. मॅडिसनचं नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळ केंद्र आणि एकेका खोऱ्यातून आलेल्यांचे संघ, 'बिग्देलाग', यांच्याकडे असे लोक भेटतात.

मूळ कागदांसाठी माझं मत स्पष्ट आहे. नॉर्थफिल्डला सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचं अभिलेखागार आहे. 'रेस्टोरेशन' हे छोटं जहाज १८२५ साली स्ताव्हांगरहून ५२ माणसं घेऊन निघालं, त्याच्या शताब्दीला, १९२५ साली ही संस्था स्थापन झाली. साध्या घरांची पत्रं आणि कुटुंबवृत्तांत जपणं हेच तिचं काम. मिनेसोटातच आहे, तिन्ही भावंडांना घेऊन एकदा जाऊन या. पेटीचं मात्र वेगळं बघा. झाकणावर रंगात नाव आणि साल असेल तर ती समुद्र ओलांडून आलेली असण्याची बरीच शक्यता आहे. ती घरात ठेवली तरी चालेल.

सध्या एवढंच करा: झाकणाचा आणि बायबलाच्या पहिल्या पानांचा फोटो उद्या सकाळी दिवसाच्या उजेडात काढा आणि मला पाठवा. पहिली चार-पाच पत्रं आपण दोघी मिळून लावू.