वाचकांचे प्रश्न : नव्या शहरात शर्यतीचा ट्रॅक आणि क्लब

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर नवोदितांच्या गटात कार चालवली आहे आणि त्यासाठी भारतातील मोटर स्पोर्ट्स फेडरेशनचा परवानाही काढला होता. आता नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे सहकुटुंब राहायला आलो आहे. येथे हौशी चालकांसाठी ट्रॅक व क्लब कोठे आहेत, भारतातील अनुभवाचा उपयोग होईल का, आणि आधी एखादी जुनी रेसकार विकत घ्यावी की क्लबचे सदस्य व्हावे, हे उमगत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, सनीव्हेल

उत्तर : पुण्यात राहून सर्किटवर गाडी चालवायची म्हणजे चेन्नई किंवा कोइमतूर गाठण्यातच सुट्टी संपते. आपण आता जेथे आहात, तेथून मॉन्टेरे आणि सॅलिनास यांच्यामधला लगुना सेका ट्रॅक आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा सोनोमा रेसवे हे दोन्ही सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतके जवळ आहेत. उत्तरेला विलोज गावाजवळचे थंडरहिल आणि दक्षिणेला पाच क्रमांकाच्या महामार्गालगतचे बटनविलो येथे जायला मात्र तीन-साडेतीन तासांची तयारी ठेवावी लागते. तरीही नवख्या चालकाने सुरुवात करावी ती थंडरहिललाच, असे माझे मत आहे. वळणांच्या बाहेरच्या बाजूला तेथे मोकळी जमीन भरपूर असल्याने गाडी ट्रॅकबाहेर गेली तरी बहुतेक वेळा धुरळ्यावरच भागते. सोनोमात अनेक ठिकाणी भिंत फार जवळ येते.

आपल्या प्रश्नातला कळीचा भाग क्लबचा आहे, कारण हौशी शर्यती ट्रॅक भरवत नाही. क्लब तो दिवसाच्या भाड्याने घेऊन भरवतो. म्हणून नव्या शहरात गेल्यावर जवळच्या प्रत्येक ट्रॅकचे वर्षाचे वेळापत्रक उघडावे आणि कोणत्या शनिवार-रविवारी कोणत्या संस्थेचे नाव आहे, ते पाहावे. तीच नावे पुन्हा पुन्हा दिसू लागली की त्या भागातील सक्रिय क्लबांची यादी आपोआप हाती येते. ही पद्धत कोणत्याही देशात चालते.

आपल्या भागात अशी दोन नावे ठळकपणे दिसतील. पहिली संस्था 1944 मध्ये स्थापन झालेली स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजेच एससीसीए. तिचे काम प्रादेशिक शाखांमार्फत चालते आणि आपली शाखा सॅन फ्रान्सिस्को रीजन ही होय. थंडरहिल हा ट्रॅक याच शाखेच्या मालकीचा आहे. सदस्यांनी पै-पै जमवून चालवलेल्या क्लबाचा स्वतःचा ट्रॅक असावा, याचे मला फार अप्रूप वाटते आणि आपल्याकडेही असे आणखी घडावे, असे मनापासून वाटते. दुसरी संस्था नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. ती 1991 मध्ये कॅलिफोर्नियातच सुरू झाली. तिच्या आद्याक्षरांचा उच्चारही ‘नासा’ असाच होतो, तेव्हा शोधताना अंतराळ संस्थेची पाने पुढे आली तर गोंधळून जाऊ नये. मोटरसायकलकडे वळण्याचा विचार असेल, तर अमेरिकन फेडरेशन ऑफ मोटरसायकलिस्ट्स ही 1954 पासूनची, ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था यांतल्या काही ट्रॅकवर शर्यती भरवते.

नवशिक्यापासून शर्यतीच्या परवान्यापर्यंतच्या पायऱ्या दोन्ही कार क्लबांत वेगळ्या आहेत. नासाच्या चालक-प्रशिक्षणाचे चार गट असतात. पहिल्या गटात शेजारच्या आसनावर प्रशिक्षक बसतो आणि पुढच्या चालकाने हाताने खूण केल्याशिवाय, तीही ठरवून दिलेल्या सरळ भागातच, कोणालाही मागे टाकता येत नाही. वरच्या गटांत ही बंधने सैल होत जातात आणि त्यानंतर स्पर्धेच्या परवान्याची परीक्षा येते. एससीसीएकडे वैद्यकीय तपासणीचा अर्ज, नवोदित परवाना, चालक-शाळा आणि मग पूर्ण परवाना असा क्रम असतो. भारतातील परवाना तेथे जसाच्या तसा चालत नाही, पण तो फुकटही जात नाही. चेन्नईतील शर्यतींचे अधिकृत निकाल, परवान्याची प्रत आणि जमल्यास आयोजकांचे पत्र जवळ ठेवावे व शाखेच्या परवाना-अधिकाऱ्यांना आधीच लिहावे. पूर्वानुभव पाहून काही अटी शिथिल करायच्या की नाही, हे ते ठरवतात.

मात्र सवलत मिळाली तरी आपण शाळेचा दिवस पूर्ण करावा, असा माझा आग्रह आहे. आपण आजवर उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने गियर टाकले आहेत; आता डावीकडे बसून ते उजव्या हाताने टाकायचे. डोळ्यांची सवय बदलणे तर त्याहून अवघड असते. उजव्या वळणाची आतली कड आता गाडीच्या दूरच्या टोकाला असते आणि पहिले काही तास चालक तिच्यापासून हातभर लांबच राहतो. लगुना सेकाच्या ‘कॉर्कस्क्रू’ वळणावर, जेथे सुमारे 450 फुटांच्या अंतरात रस्ता 59 फूट खाली उतरतो आणि माथ्यावरून उताराचा मागमूस दिसत नाही, ही सवय बसण्याची वाट पाहणे परवडणारे नाही.

गाडी विकत घेण्याची घाई करू नये, हे मी ठामपणे सांगतो. पहिल्या वर्षी रोजची गाडी घेऊन ऑटोक्रॉसमध्ये उतरावे. मोकळ्या वाहनतळावर किंवा जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शंकू मांडून वाट आखतात आणि गाड्या एकेक करून वेळेविरुद्ध सोडतात. पाडलेल्या प्रत्येक शंकूमागे वेळेत दंड मिळवला जातो. येथे धोका कमी असतो आणि वाट पाहत उभे असताना माणसे भेटतात, ती खरी कमाई. पुढे रेसकार घ्यायचीच असेल, तर आपल्या भागातील शर्यतींत ज्या गटात सर्वाधिक गाड्या उतरतात, त्या गटाची घ्यावी. स्पेक मियाटा हा असा एक गट आहे : सर्वांकडे एकाच प्रकारची माझदा, इंजिनापासून टायरपर्यंत नियम सारखे. अशा गटात सुटे भाग उसने मिळतात आणि आपण मागे का पडलो, हे सांगणारे दहा जण शेजारच्या तंबूत असतात.

आणखी एक वाट आहे आणि अनोळखी गावात ती मला सर्वांत भरवशाची वाटते. एखाद्या शर्यतीच्या शनिवारी वळणावरच्या चौकीवर स्वयंसेवक म्हणून उभे राहावे. चौकीवर निळा झेंडा (मागून वेगवान गाडी येत असल्याची सूचना) घेतलेला माणूस येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा असतो, पिवळा झेंडा (पुढे धोका असल्याची सूचना) घेतलेला पुढच्या चौकीपर्यंतच्या रस्त्यावर नजर ठेवतो आणि दोघेही एकमेकांच्या पाठीमागचे पाहत असल्याने एकमेकांचे रक्षण करतात. लाल किंवा पिवळे कपडे घालून जाऊ नये, कारण वेगात असलेल्या चालकाला तो झेंडाच वाटू शकतो; पांढरा सदरा उत्तम. दिवसभर एकाच वळणावर उभे राहिल्यावर कोण कोठे ब्रेक लावतो, ओल्या कडेवर चाक गेल्यावर काय होते, हे जितके स्पष्ट दिसते तितके गाडीत बसून कधीच दिसत नाही. शिवाय ही माणसे आपले नाव लक्षात ठेवतात, आणि पुढे परवान्यासंबंधी किंवा गाडीसंबंधी विचारायचे झाले तर कोणाकडे जावे, हा प्रश्नच उरत नाही.

काही बाबी थोडक्यात. कारसाठी हेल्मेट, हेल्मेटांची मानके ठरवणाऱ्या स्नेल संस्थेच्या ‘एसए’ मानकाचे लागते. मोटरसायकलचे ‘एम’ मानकाचे हेल्मेट अनेक आयोजक स्वीकारत नाहीत. वर उघडणाऱ्या छपराच्या गाडीला बहुतेक ठिकाणी रोल बार (गाडी उलटल्यास डोके वाचवणारी धातूची कमान) सक्तीचा असतो. लगुना सेका येथे बहुतेक दिवशी आवाजाची मर्यादा 90 ते 92 डेसिबल असते आणि ती ओलांडणाऱ्या गाडीला ट्रॅकवरून परत बोलावतात, म्हणून सायलेन्सर बदलण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. रोजच्या गाडीची विमा पॉलिसी ट्रॅकवरील नुकसान बहुधा भरून देत नाही. ती स्वतः वाचावी आणि एका दिवसापुरता वेगळा विमा मिळतो त्याची चौकशी करावी.

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापूरहून कोइमतूरला इंजिनिअरिंगसाठी गेला आहे. लहानपणी तो कार्टिंग करीत असे. आता मित्रांबरोबर रात्री महामार्गावर मोटरसायकल पळवतो, असे कानावर आले आहे. त्याला रीतसर रेसिंगकडे वळवता येईल का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. मुलाने कोइमतूर निवडले, ही गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. शहराजवळ चेट्टिपाळयम येथे करी मोटर स्पीडवे आहे. चालक आणि गाड्यांचे रचनाकार एस. करिवर्धन यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले आहे. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत त्या काळापासून त्यांचे नाव या क्षेत्रात आदराने घेतले जाते, आणि ‘फॉर्म्युला मारुती’ गाडी घडवून त्यांनी आपल्याकडे एक आसनी रेसकार सामान्य चालकाच्या आवाक्यात आणली.

मुलाला प्रथम तेथे होणारी राष्ट्रीय स्पर्धेची एखादी फेरी प्रेक्षक म्हणून पाहू द्यावी आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या आवारात, प्रवेश मिळाल्यास मेकॅनिकांशी बोलू द्यावे. स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना लागतो. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते आणि तो अठरा वर्षांखालील असल्यास आपली लेखी संमतीही. स्वतःची मोटरसायकल तयार करण्याचा खर्च एवढ्यात करू नये. काही कंपन्यांच्या एकाच मॉडेलच्या शर्यतींत सर्वांना सारखीच गाडी कंपनी देते, त्यांच्या निवड-चाचण्यांवर लक्ष ठेवावे. पैसे घालायचेच, तर चामड्याचा एकसंध सूट, हातमोजे, घोट्यावर येणारे बूट आणि पाठीचे संरक्षक कवच यांवर घालावेत.

महामार्गाच्या बाबतीत त्याच्याशी आडपडदा न ठेवता बोलावे. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, हे सांगावेच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ट्रॅकवर समोरून वाहन येत नाही, प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला माणूस असतो आणि शर्यतीच्या दिवशी रुग्णवाहिका सज्ज असते. रात्रीच्या महामार्गावर यातले काहीही नसते. शक्य झाल्यास शर्यत पाहायला आपणही त्याच्याबरोबर कोइमतूरला जावे आणि परवान्याचा अर्ज दोघांनी एकत्र बसून भरावा.