फोटो पाठवा, पण हात लावून बघणं सोडू नका

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, बेळगावात हर्नियाचं ऑपरेशन झालं. आत जाळी बसवली आहे. त्यांना शुगर आहे. घरी सोडताना नर्सबाईंनी माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिलं. जखमेचा फोटो काढायचा आणि खालचे प्रश्न भरून पाठवायचे. काल ‘ठीक आहे’ असं उत्तर आलं, पण आत्याबाई म्हणतात टाके कालच्यापेक्षा जास्त ठणकतात. मालक गोव्याला कामाला असतात. त्यांचं म्हणणं, ॲप ठीक म्हणतंय तर खानापूरला कशाला धावायचं? आमचं गाव जांबोटीच्या पुढे, पावसात रेंज जाते. प्रश्न कन्नडमध्ये आहेत आणि पोटाचा फोटो काढायला आत्याबाई लाजतात. कुणाचं ऐकू?
– एक सून, खानापूर तालुका

उत्तर : आत्याबाईंचं ऐक. अंक छापून हातात पडेपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती, म्हणून तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुला फोन करून त्यांना दाखवून आणायला सांगितलं. इथे लिहिते आहे ते बाकीच्या घरांसाठी.

माझी सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली. जखम आमच्या डोळ्यांसमोर असायची तोवर छान दिसायची. पू होतो तो बहुतेकदा पेशंट घरी गेल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत. पुढेही होऊ शकतो. साध्या ऑपरेशनला ३० दिवस लक्ष ठेवतात, पण आत जाळी असेल तर ९० दिवस. म्हणून हे ॲप मला मनापासून आवडलं. कणकुंबी-जांबोटीकडच्या बाईला नुसती जखम दाखवायला बेळगावची एसटी धरावी लागते, भर पावसात पोटाला हात धरून उभं राहावं लागतं, आणि म्हणून ती येतच नाही. तिची जखम फोटोतून तरी कुणाच्या नजरेखाली राहते.

याचा उपयोग होतो हे पडताळून पाहिलेलं आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात पोटाची तातडीची ऑपरेशनं झालेल्या ४९२ लोकांवर अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांनी तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी प्रश्नांची उत्तरं आणि फोटो पाठवले, बाकीच्यांची नेहमीसारखी काळजी घेतली. पहिल्या सात दिवसांत संसर्ग ओळखला जाण्याची शक्यता फोनवाल्यांमध्ये जवळजवळ चौपट होती. पूर्ण महिन्याचा हिशेब केला तर मात्र दोन्ही गटांत निदानाच्या वेळेत फरक दिसला नाही. म्हणजे फायदा आहे तो पहिल्या आठवड्यातच कळण्याचा. ‘ठीक आहे’ वाचून घरी थांबलं, तर तोच फायदा हातचा जातो.

फोटोत रंग दिसतो. ऊब, वास, कडकपणा दिसत नाही. आणि आपल्या सावळ्या कातडीवर लाली लालही दिसत नाही, जांभळट किंवा काळपट दिसते. म्हणून साबणाने हात धुऊन, जखमेला न शिवता, कडेच्या कातडीला हाताची मागची बाजू लाव. मग पोटाच्या दुसऱ्या बाजूला लाव. ऊन लागतं का, टणक लागतं का बघ. बदललेला रंग जिथवर आहे तिथे बॉलपेनने कातडीवर रेघ मार. दुसऱ्या दिवशी रंग रेघेबाहेर गेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. दुखणं रोज थोडं थोडं उतरायला पाहिजे. उतरता उतरता परत चढलं, की ॲप काहीही म्हणो, दाखवायचं. शुगरवाल्यांना जपायचं ते यासाठी, की त्यांच्यात संसर्ग लवकर होतो आणि म्हाताऱ्या माणसाला कधी कधी तापसुद्धा येत नाही.

फोटो दिवसा, दाराजवळच्या उजेडात काढ. फ्लॅश नको, ओल्या जखमेवर तो चमकतो. लेन्स पदराने नीट पूस. शेजारी शाळेची पट्टी धर, पण ती जखमेला टेकवू नको. आणि हळद लावू नका! आपल्याकडे प्रत्येक घरात लावतात, मला माहीत आहे. पण त्या पिवळ्या रंगात पू कुठला आणि हळद कुठली हे पलीकडच्या डॉक्टरला कसं कळणार? फोटोसाठी मुद्दाम जखमेवरची मलमपट्टी सोडू नको, ड्रेसिंग बदलायच्या वेळीच काढ.

आत्याबाईंच्या लाजेचा मान ठेव. दर वेळी त्यांना विचार, स्वच्छ पांढऱ्या कापडाने बाकीचं पोट झाक, जखम तेवढी उघडी ठेव. तो फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजिबात टाकायचा नाही, मालकांनी मागितला तरी आत्याबाईंना विचारल्याशिवाय नाही.

प्रश्न कन्नडमध्ये असले तर अंदाजाने ‘हो-नाही’ दाबू नको. तुम्ही मराठी शाळेत शिकलेल्या बायका बाजारात कन्नड छान बोलता, वाचायला मात्र अडखळता, यात कमीपणा काही नाही. वॉर्डात फोन लावून सिस्टरकडून एकेक प्रश्न समजून घे आणि वहीत मराठीत उतरवून ठेव. रवांडातल्या किरेहे जिल्ह्यात सिझेरियन झालेल्या बायकांच्या घरी गावातल्याच आरोग्यसेविका जाऊन जखमेचे फोटो काढत आणि डॉक्टरांकडे पाठवत. आपल्या आशाताईंना हे काम शिकवलं तर किती घरांना आधार होईल! तोवर निदान त्यांना एकदा जखम दाखव.

रेंज गेली आणि फोटो अडकला, तर वाट बघत बसायचं नाही. डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरवर साधा फोन कर. १००.४ च्या वर ताप, पू, घाण वास, टाक्याची कड उघडणं, यातलं एक जरी असलं तरी फोटोच्या भानगडीत न पडता थेट खानापूरच्या तालुका हॉस्पिटलात जा. ताप येऊन माणूस बरळायला लागला, धाप लागली, लघवी कमी झाली, तर १०८.

प्रश्न : टाक्यातून पाणी येत होतं म्हणून मुलाने जखमेचा फोटो मेडिकलवाल्याला पाठवला. त्याने अँटिबायोटिक दिलं. घेऊ का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : घेऊ नका. पहिले दोन-तीन दिवस थोडं पातळ, गुलाबीसर पाणी येणं चालतं, त्याला औषध लागत नाही. आणि तो पू असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, बरेचदा एखादा टाका सोडून पू काढावा लागतो. गोळ्या घेतल्या की वरून बरं वाटतं आणि आत साठत राहतं. तोच फोटो ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना पाठवा. मार्च २०२० पासून नोंदणीकृत डॉक्टरांनी फोनवर सल्ला देण्यासाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यामुळे विचारायला संकोचू नका. कितव्या दिवसापासून येतंय, किती कापड भिजतं आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीचं नाव, हे तिन्ही त्यांना सांगा.