ऑपरेशन नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेलाय असं कळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. मागे एक जोडपं आलं होतं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). काका सत्तरीला टेकलेले, फाइल काकूंच्या मांडीवर. रिपोर्टातल्या ‘हाडात प्रसार’ या शब्दांखाली काकांनी पेन्सिलीने इतकी दाबून रेघ ओढली होती की कागद फाटला होता. त्याच्या पुढची ओळ मात्र कुणी वाचलीच नव्हती: जागा दोन, एक मणक्यात, एक कमरेच्या हाडात. यकृत आणि फुफ्फुसं स्वच्छ.

“काका, कुठे पसरलाय याइतकंच किती ठिकाणी पसरलाय हेही महत्त्वाचं असतं,” मी म्हटलं.

ऑपरेशन नाकारण्याचं कारण साधं आहे. पेशी बाहेर पडल्यावर नुसती ग्रंथी काढून आयुष्य वाढतं, याचा भक्कम पुरावा अजून नाही. रेडिएशनचं तसं नाही. ब्रिटनमधल्या ‘स्टॅम्पीड’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. प्रसार मर्यादित असलेल्या ज्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत प्रोस्टेटवर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला, त्यांच्यातले 100 पैकी 81 जण तीन वर्षांनंतर हयात होते. शेक न दिलेल्यांत 73. प्रसार जास्त असलेल्यांना मात्र असा फायदा दिसला नाही. म्हणून ती न वाचलेली ओळ मोलाची. शिवाय हे आकडे हॉर्मोन रोखणाऱ्या इंजेक्शनसोबत अबिराटेरोन, एन्झाल्युटामाइड किंवा अपाल्युटामाइडची गोळी सुरुवातीपासून देण्याची पद्धत रुळण्याआधीचे आहेत. हाडातल्या जागांवरही नेमका शेक देता येतो का, हे रेडिएशनच्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

“पण वर्षं किती?” काकूंनी विचारलंच.

मी आकडा सांगत नाही. पहिल्याच भेटीत आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वासही नाही. उपचार सुरू झाल्यावर सहा-सात महिन्यांत पीएसए (प्रोस्टेटच्या आजारात रक्तात मोजला जाणारा घटक) किती खाली उतरतो, यावरून बराच अंदाज येतो. तो 0.2 किंवा त्याखाली गेला तर पुढची वाट लांब असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. हा आजार मुळापासून जाईलच असं कुणी म्हणणार नाही, पण कित्येक जण तो वर्षानुवर्षं आटोक्यात ठेवून जगतात.

काकांचं दुखणं वेगळंच होतं. काकू कागदांच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेल्या तसे ते खालच्या आवाजात म्हणाले, “हे हॉर्मोनचं इंजेक्शन घेतलं की माणूस पुरुष राहत नाही म्हणे.”

डॉक्टरांकडे हा विषय एका वाक्यात उरकला जातो, आणि याच भीतीने काही जण इंजेक्शनची तारीख चुकवतात. इंजेक्शनने टेस्टोस्टेरोन हे पुरुषी हॉर्मोन जवळजवळ थांबतं. त्यावरच तर हा कॅन्सर पोसला जातो. ते थांबल्यामुळे इच्छा मंदावते, अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखं होतं, वजन वाढतं, हाडं विरळ होतात, रडू नाहीतर चिडचिड येते. मी काहीच झाकलं नाही. हा परिणाम औषधाचा आहे, तुमच्यात कमी काही झालेलं नाही, हेही सांगितलं. मग काकू परतल्यावर त्यांच्यासमोर तेच सगळं पुन्हा बोलायला लावलं. काकू म्हणाल्या, “एवढंच ना? मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलाय.” नेमाने चालणं, झेपेल तसा स्नायूंचा व्यायाम, हाडांची घनता, साखर आणि रक्तदाब यांची तपासणी, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.

पुढच्या भेटीला मुलगा एकटाच आला. त्याला स्वतःची काळजी होती आणि ते बोलायची लाज वाटत होती. आजार असा पसरलेला असेल तर रुग्णाची जनुकीय चाचणी करायचा सल्ला आता दिला जातो. बीआरसीए2 या जनुकातला, मुलांकडे वारशाने जाऊ शकणारा दोष किंवा तसाच दुसरा सापडला तर त्या रुग्णाला उपयोगी पडणारी औषधं आहेत, आणि मुलाला, तसंच मुलीलाही, स्वतःची तपासणी कधी सुरू करायची ते ठरवता येतं. त्याची बहीण या हिशेबात धरलीच नव्हती. तिला त्याने माझ्यासमोरच फोन लावला.