हळदीत रंग निघाला, माल व्यापाऱ्याचा, नोटीस मला

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी सुट्या हळद पावडरीचा नमुना तपासणीला नेला होता. अहवालात ‘मेटॅनिल यलो आढळला, असुरक्षित’ असं आलंय. हळद मी दळलेली नाही, ठोक व्यापाऱ्याकडून घेतली. शिक्षा मला होईल का?

उत्तर : अहवाल हाती पडला ती तारीख आधी पाहा. तिथून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे, अपील करता येतं. ते मान्य झालं तर राखून ठेवलेला नमुना रेफरल, म्हणजे फेरतपासणीच्या, प्रयोगशाळेत जातो. ही मुदत हुकली की पहिला अहवाल खोडणं फार जड जातं. लोक इथेच घसरतात. साहेबांना भेटून येतो म्हणतात आणि महिना निघून जातो.

मेटॅनिल यलो हा कापड-चामड्याचा रंग, कुठल्याही खाद्यपदार्थात चालत नाही. जिलबीत टार्ट्राझिनसारखा खाद्यरंग ठरावीक मर्यादेत चालतो, हळदीत तर तोही नाही. त्यामुळे ‘अगदी थोडाच होता’ हा बचाव मांडूच नका. कोणाला इजा झाली नसेल तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५९ खाली २०२३ च्या दुरुस्तीनंतर ३ महिन्यांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खटला फौजदारी न्यायालयात चालेल.

आता व्यापाऱ्याचं. कलम २७ नुसार विक्रेता अडकतो तो मुख्यतः माल कोणाकडून घेतला हे सांगता आलं नाही तर, किंवा असुरक्षित असल्याचं माहीत असून घेतला तर. म्हणून बिल, बॅच, पैसे दिल्याची नोंद, व्यापाऱ्याचा परवाना क्रमांक, जे असेल ते गोळा करा. कलम ८० खाली पुरेशी काळजी घेतल्याचा बचावही आहे, पण तो कागदावर उभा राहतो, तोंडी नाही. ‘कच्च्यात घेतली’, म्हणजे पक्क्या बिलाशिवाय, म्हणणार असाल तर माझे हात बांधलेले आहेत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. मसाल्याची पूड सुटी विकायला नियमांत मुळात मनाईच आहे, ती पाकीटबंदच विकावी लागते. सरकारी वकील हा मुद्दा काढणारच. तेव्हा सुटी विक्री आजच थांबवा. उरलेली हळद विकू नका, फेकूही नका. वेगळी सील करून ठेवा आणि व्यापाऱ्याला अहवालाची प्रत जोडून स्पीड पोस्टाने कळवा. दरम्यान कोणी जबाब लिहून मागितला, तर न वाचता सही करू नका.