घरच्या व्यायामासाठी काय बनवून घ्यावं: पायरी, दांडी आणि वाळूची पिशवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर घर, आई-वडील साठी ओलांडलेले, तुम्ही दोघं चाळिशीत. ट्रेडमिलचा कंट्रोल बोर्ड दोनदा गेला. आता ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून दमसास आणि ताकद दोन्हींसाठी काहीतरी साधं, देखभाल न मागणारं बनवून घ्यायचंय. सोबतच्या स्केचमध्ये दोन पुल्या, वायर रोप आणि गॅस स्प्रिंग दिसतायत. ते स्केच आधी बाजूला ठेवा.

देखभाल कशाला लागते? जे घासतं, जे गंजतं आणि ज्यातून वीज जाते त्याला. ट्रेडमिलमध्ये तिन्ही एकत्र नांदतात, वर कोकणातली खारी हवा आणि पावसाळ्यातलं खालीवर होणारं व्होल्टेज. तुमच्या स्केचमधून वीज गेली, पण घासणं आणि गंजणं तसंच राहिलं. लहान पुलीवरून वायर रोप (तारांचा पीळदार दोर) सतत वाकला की आतल्या तारा एकेक करून तुटतात आणि वर प्लास्टिकचं आवरण असेल तर ते दिसतही नाही. गॅस स्प्रिंगचं (आत दाबलेला वायू भरलेल्या नळीचं) सील गेलं की अख्खा स्प्रिंग बदलायचा.

घरात प्रत्येकाचं पन्नास-साठ किलोचं वजन आहेच. उपकरणानं फक्त ते वर चढवायला उंची, लटकवायला आधार आणि हवं तेव्हा थोडी भर एवढंच द्यावं. म्हणजे एक पायरी, एक दांडी, एक पिशवी.

सगळ्यात जास्त विचार पायरीवर करा, कारण दमसासाचं जवळजवळ सगळं काम तीच करणार आहे. पायरी चढण्याचं काम सेन्सरशिवाय मोजता येतं: वजन, उंची आणि मिनिटाला किती वेळा, बस. ६५ किलोचा माणूस २० सेंमीच्या पायरीवर मिनिटाला २४ वेळा चढला तर केवळ वर उचलण्याचं काम सुमारे ५१ वॉट होतं. तीच पायरी ३० सेंमीची केली तर सुमारे ७७ वॉट. फोनवरचा मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं अॅप) मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाका (उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली) की मिनिटाला २४ चढ होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली हार्वर्डची प्रसिद्ध पायरी-चाचणी अशाच गणितावर उभी होती. २० इंचांची पायरी, मिनिटाला ३० वेळा, ५ मिनिटं. ती धडधाकट तरुणांसाठी होती, घरात ती उंची अजिबात नको. आई-वडिलांना १० सेंमीपासून सुरू करू द्या.

म्हणून एकच उंच खोका न करता एकमेकांवर बसणारे दोन करा. दोन्हींची लांबी ६० आणि रुंदी ४० सेंमी, एकाची उंची १० आणि दुसऱ्याची १५. तीन उंच्या मिळाल्या: १०, १५, २५. वरचा खोका खालच्यावर घट्ट बसेल, सरकणार नाही, अशी सोय सुताराकडून करून घ्या. रुंदी ४० पेक्षा कमी करू नका, उतरताना मागचं पाऊल पूर्ण टेकायला जागा लागते. प्लाय १८ किंवा १९ मिमी, आयएस ७१० छाप असलेलाच (म्हणजे मरीन प्लाय), कोकणात साध्या प्लायचे थर सुटतात. मध्ये एक आडवी फळी आधाराला. स्क्रू स्टेनलेसचे. वर सनमायका लावायचा मोह टाळा, घाम पडला की तो बर्फ होतो. खडबडीत रबर चिकटवा, तसंच रबर तळाला. खालच्या मजल्यावरचे लोक तुम्हाला दुवा देतील. दोरीच्या उड्यांपेक्षा पायरी बरी, त्याचं अर्धं कारण तेच आहे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: खोका पंख्याखाली ठेवू नका. २५ सेंमीवर उभं राहून हात वर केले की पाती कुठे येतात ते आधी बघा. घुमवायचे मुद्गल सुचवणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारावा. मुद्गल उत्तमच, पण ते तालमीच्या छताखालचं काम, साडेनऊ फुटी हॉलमधलं नव्हे. (आणि तालमीला देखभाल लागत नाही असं म्हणणाऱ्यांनी हौदातली माती एकदा उकरून बघावी.)

वडिलांना बीपीची गोळी आहे म्हणता. ती बीटा-ब्लॉकर प्रकारची असेल तर नाडीचे ठोके वाढतच नाहीत तेवढे, त्यामुळे घड्याळावरचा आकडा बघून व्यायाम ठरवता येत नाही. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. सुरुवात करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि पहिले काही आठवडे पायरी भिंतीजवळ ठेवून भिंतीवर एक दणकट हॅण्डल बसवा. गुडघा दुखतो तो बहुधा उतरताना. त्यांनी उतरण्याचा वेग कमी ठेवावा, मेट्रोनोम तरुणांसाठी.

आता दांडी. १ इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप घ्या. बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो, मुठीत नीट बसतो. सव्वा इंची ४२ मिमीच्या पुढे जातो, लहान हातांना पकड येत नाही. पाईप सी क्लास, म्हणजे लाल पट्ट्याचा मागा. त्याची जाडी ४ मिमी असते, निळ्या पट्ट्याच्या बी क्लासची ३.२. दोन टेकूंमधलं अंतर एक मीटरच्या आत ठेवलं तर ८० किलोच्या माणसाला तो पुरतो. पाईप क्वचितच दगा देतो, दगा देते ती भिंत. अँकर फास्टनर आरसीसी बीममध्येच मारायचे. विटांच्या भिंतीत नाही, सिपोरेक्समध्ये (हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत) तर मुळीच नाही. वेल्डिंग केलेल्या जागी जस्ताचा थर जळून जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो, तेव्हा सांधा घासून त्यावर झिंक प्रायमर मारून घ्या.

घरातल्या चौघांपैकी बहुतेकांना पुलअप येणार नाही, म्हणून दांडीला ट्रकवाल्यांचे माल बांधायचे दोन पट्टे टाका आणि खाली पकडीला लाकडी रिंग किंवा पाईपचे वीतभर तुकडे अडकवा. पट्टे धरून मागे रेलायचं आणि छाती हाताजवळ ओढायची. पाय दांडीपासून मागे तर सोपं, पाय जितके दांडीच्या खाली सरकवाल तितकं अवघड. तुमच्या स्केचमधल्या पुल्या हेच काम करणार होत्या. इथे पुली नाही, वजनाच्या तबकड्या नाहीत, आणि आईसाठी व मुलासाठी एकच जागा चालते.

पिशवीचं फार काही नाही. कोरडी वाळू लिटरला साधारण १.६ किलो भरते, तेव्हा ३ लिटर वाळूचं पुडकं जवळपास ५ किलोचं. दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून अशी चार पुडकी करा आणि जुन्या कॅनव्हासच्या सॅकमध्ये लागतील तेवढी घाला. समुद्राची वाळू आणू नका, मीठ ओल धरून ठेवतं आणि सॅकची चेन खातं. पाठीवर घेऊन पायरी चढा, छातीशी धरून बैठका मारा. पाण्याचा कॅन कुणी सुचवला तर जिना उतरताना आतलं पाणी कसं हलतं ते त्यांना अनुभवू द्या.

सायकलही हवीच असेल तर मोटर किंवा चुंबकवाली घेऊ नका, जुनी २८ इंची काळी सायकल स्टँडवर उचला. मागचा टायर-ट्यूब काढा आणि रिमच्या खाचेत अरुंद सुती नवार फिरवा. नायलॉन नको, वितळतं. नवारीच्या दोन्ही टोकांना भाजीवाल्यांचे स्प्रिंगचे काटे लावून एक टोक आवळायचा स्क्रू ठेवा. दोन काट्यांतला फरक म्हणजे तुमचा भार. पुढे ४४ आणि मागे १८ दात असतील, तर मिनिटाला ६० पेडल आणि काट्यांत २ किलोचा फरक म्हणजे साधारण ९५ वॉट. स्वीडनच्या मोनार्क कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या सायकलींचं तत्त्व हेच. रिम हलकी असल्यानं पेडल थोडं धक्के देत फिरतं, ते सोसावं लागेल. नवार झिजली की बदला, बेअरिंगचं ग्रीस कुठलाही सायकलवाला करून देईल. साखळीवर पूर्ण कव्हर मात्र हवंच, घरात लहान मूल येत-जात असेल तर त्याशिवाय ती चालवू नका.

पण सायकल नंतर. आधी दोन खोके सुताराकडून करून घ्या, ते फॅब्रिकेटरचं काम नाही. लोखंडी फ्रेमची पायरी आवाज करते आणि तुमच्या हवेत गंजते. दांडीसाठी हॉल आणि बेडरूममधला बीम कुठून जातो आणि जमिनीपासून किती उंच आहे तेवढं मोजून इथे लिहा, ब्रॅकेटची मापं आणि फास्टनरचा साइज त्यावरून सांगतो.