वाटण्या तिथंही होतात

प्रश्न : माझा भाचा कॅनडात अ‍ॅबट्सफर्डला एका पंजाबी कुटुंबाच्या ब्लूबेरीच्या मळ्यावर हिशेब बघतो. आजी, मुलगा, नात सगळे तिथंच राबतात म्हणे. आमचं भिलारचं स्ट्रॉबेरीचं रान दोन दिरांत वाटून गेलं. त्यांचं कसं टिकतं?
– एक वाचक, भिलार

उत्तर : ताई, त्यांच्यात भांडणं नसतात असं समजू नका. मी या भागातल्या मळ्यांवर माती तपासायला जाते. एकाच शेडमध्ये दोन भाऊ आणि निरोप्या मी, हेही झालंय.

टिकतं ते आधी झुडपामुळे. तुमची स्ट्रॉबेरी दरवर्षी नव्यानं लावायची. ब्लूबेरी भरात यायलाच सहा-आठ वर्षं घेते, पण छाटणी नीट असेल तर पुढं कित्येक वर्षं फळ देते. आजोबांनी लावलेल्या ओळी नात तोडते.

दुसरं कारण कायद्याचं. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे अ‍ॅबट्सफर्ड ज्या प्रांतात आहे तिथं, १९७३पासून शेतजमीन शेतीसाठीच राखीव आहे. तुकडे पाडायला प्रांताच्या शेतजमीन आयोगाची परवानगी लागते. मग वाटणी मागणाऱ्या भावाला बहुधा कर्ज काढून पैसे देतात.

आणि घर नुसत्या मळ्यावर चालत नाही. सुरुवातीचे पंजाबी इथं लाकूडगिरणीत राबले. १९११चा गुरुद्वारा त्यांनी गिरणीतलं लाकूड पाठीवर वाहून उभारला. मळे पुष्कळ नंतरचे. आजही कुणी ट्रक चालवतं, कुणी इस्पितळात आहे. २०२१च्या नोव्हेंबरात सुमास प्रेअरी, म्हणजे इथला सखल शेतीचा पट्टा, पुराखाली गेली, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरात बँकेचा हप्ता सुनेच्या पगारातून गेला.

त्या घरातल्या बीजी, म्हणजे आजी, मला फार आवडतात. कमरेला बादली, सलवार-कमीजवर मुलाचं जुनं जॅकेट. फळ ओढत नाहीत, अंगठ्यानं नुसतं लोटतात. पिकलेलं असेल ते हातात येतं; देठाशी लालसर कडं दिसलं की राहू देतात. फळावरचा पांढुरका थर पुसलात तर बोलणी खाल. तोडणीची मजुरी वजनावर, आणि बीजींची त्यांच्याच खात्यात जमा होते. मी मुद्दाम विचारलं. सगळीकडे असं नसतं. म्हाताऱ्यांचे कष्ट फुकटात धरणाऱ्या घराचं कौतुक माझ्याच्यानं होत नाही.

तुमचं रान वाटलं ते वाटलं. पण रोपं आणि मालाची गाडी दोघा दिरांनी मिळून करायला काय हरकत आहे? जावेशी बोलून बघा, पुरुषमंडळींना नंतर सांगा.